विजेची टंचाई आणि माहितीपटातील माणसे



विजेची टंचाई आपल्याला अपरिचित नाही. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून दळणाची, पाण्याची आणि अभ्यासाची वेळ ठरवण्याचे दिवस आपल्यापैकी पुष्कळांनी काढले आहेत. या टंचाईची गोष्ट सांगताना माहितीपट कोणाला बोलू देतात, एवढ्याच मुद्द्यावर आज आम्ही बोलणार आहोत. त्यासाठी दोन माहितीपट घेऊ.

पहिला, पॉल डेव्हलिन यांचा 'पॉवर ट्रिप' (२००३). १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि जॉर्जिया स्वतंत्र झाला. जुन्या राजवटीत वीज जवळजवळ फुकट होती. पुढे राजधानी तिबिलिसीची वीजवितरण कंपनी 'तेलासी' अमेरिकेच्या 'एईएस' कंपनीने विकत घेतली. बिले आली, पण ती भरण्याइतके उत्पन्न पुष्कळांना नव्हते. कंपनीने जोडणी तोडायची आणि लोकांनी पुन्हा तार जोडायची, असा झगडा सुरू झाला. फुकट वीज घेणाऱ्यांत पेन्शनवर जगणारी म्हातारी माणसे होती, तशी सत्तेजवळची माणसेही होती. दिग्दर्शकाने हे लपवले नाही, ही जमेची बाजू. परंतु आपली सर्वांत जवळून ओळख होते ती कंपनीचे व्यवस्थापक पिअर्स लुईस यांची. त्यांची अडचण आपल्याला समजते. ग्राहक येतो, संतापतो आणि निघून जातो.

ही गोष्ट फार दूरची नाही. याच एईएसने १९९९ मध्ये ओरिसाच्या मध्य विभागातील वीजवितरण हाती घेतले होते आणि २००१ मध्ये ती तेथून बाहेर पडली.

दुसरा, दीप्ती कक्कड आणि फहाद मुस्तफा यांचा 'कटियाबाज' (२०१३). गाव कानपूर. आपण ज्याला आकडा टाकणे म्हणतो, त्याला तिकडे कटिया म्हणतात. येथे आकडे टाकून देणारा लोहा सिंग हाच प्रमुख माणूस आहे. त्याला नाव आहे, कसब आहे, अभिमानही आहे. समोर वीज कंपनीच्या प्रमुख ऋतू माहेश्वरी आहेत. वसुलीच झाली नाही तर कारभार सुधारायचा कशाने, ही त्यांची बाजूही आपण ऐकतो. दोघांनाही तोंड आहे.

आम्ही बँकेत नोकरी करतो. थकबाकीच्या यादीत नाव असते, रक्कम असते, किती महिने थकले तेही असते. का थकले, याला रकाना नसतो. चांगल्या माहितीपटाने तो रकाना भरायचा असतो. वेगवेगळे चेहरे गर्दीत दाखवले म्हणजे प्रतिनिधित्व झाले, असे नव्हे.

हा प्रश्न आपल्या जिव्हाळ्याचा आहे, कारण गरिबांच्या वस्तीला सरसकट वीजचोरांची वस्ती म्हणणारे आपल्याला भेटतात. त्यांना उत्तर देण्यासाठी आकड्याचे समर्थन करण्याची गरज नाही. उघड्या तारेने माणसे मरतात, आणि नियमाने बिल भरणाऱ्यावर बोजा पडतो. पण त्या घरात कमावते किती, मीटरसाठी कोणते कागद मागितले, बड्या थकबाकीदाराची जोडणी का तुटली नाही, हे विचारले गेलेच पाहिजे. आणि उत्तर त्या वस्तीतल्या माणसाच्या, बाईच्या तोंडून आले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे असा चित्रपट पाहताना वहीत दोन रकाने आखा. एकात नावासह बोलणारी माणसे लिहा, दुसऱ्यात नुसती दिसणारी. दुसरा रकाना लांबत गेला, तर त्यातल्या माणसांची गोष्ट अजून सांगायची राहिली आहे असे समजा. ती सांगण्यासाठी तुम्ही लेखणी धरा, कॅमेरा धरा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.