पदाचे शेवटचे कडवे

(श्रींच्या वर्धापनदिनी महाजनांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्वतः पदे रचून स्वतःच ती गाणाऱ्या संतांविषयी चार शब्द सांगावेत, अशी समितीची आज्ञा झाली. विद्वत्तेचा अधिकार मजपाशी नाही. माझे आयुष्य नकला उतरण्यात आणि दप्तरे लावण्यात गेले. तेव्हा या विषयाकडेही मी एका जुन्या नकलनवीसाच्या नजरेने पाहिले, तर आपण सांभाळून घ्यावे.

गाणगापूरची वारी आपल्या कुटुंबांना नवी नाही. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करावे, निर्गुण पादुकांचे दर्शन घ्यावे आणि परतावे, असाच बहुतेकांचा क्रम असतो. परंतु कलबुर्गीहून, म्हणजे २०१४ पर्यंत ज्याला सरकारदप्तरीही गुलबर्गा म्हणत त्या शहराहून, बिदरच्या वाटेला लागले की सुमारे साठ किलोमीटरवर हुमनाबाद लागते आणि त्याला लागूनच माणिकनगर. तेथे जाण्याचा योग मला उशिरा आला. त्या भेटीत जे ऐकले, त्यामुळेच मी आज आपणांसमोर उभा आहे.

हा मुलूख कोणा एका भाषेचा नव्हे. आजचे बसवकल्याण म्हणजे जुने कल्याण. बाराव्या शतकात बसवेश्वर आणि शरणांची कन्नड वचने तेथे उदयास आली. कलबुर्गीस ख्वाजा बंदेनवाजांचा दर्गा आहे. ते १४२२ साली निवर्तले. दक्षिणेकडे रायचूर भागात हरिदासांची कन्नड पदे घरोघर. हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होते, म्हणून राजदरबारची भाषा उर्दू. आणि देवघरातील व हिशेबाच्या वहीतील भाषा कित्येक घरांत मराठी. १९५६ साली ते म्हैसूर राज्यात गेले. पण राज्याची सीमा बदलली म्हणून जात्यावरची ओवी बदलत नाही.

अशा भूमीत लाडवंती या गावी दत्तजयंतीच्या दिवशी, २२ डिसेंबर १८१७ रोजी, माणिक प्रभूंचा जन्म झाला. वडील मनोहर नाईक, माता बयादेवी. मामांनी भाच्याला जकातीच्या नाक्यावर कारकुनीला चिकटवले, पण त्याचे मन त्यात रमेना आणि अखेर त्याने घर सोडले, अशी कथा चरित्रकार सांगतात. ही कथा माझ्यासारख्याला थोडी बोचते, हे कबूल केले पाहिजे! बांद्याचे सोहिरोबानाथ आंबिये यांचेही असेच. त्यांच्याकडे कुळकर्णीपण होते. दरबारच्या बोलावण्यावरून सावंतवाडीस निघाले असता वाटेत फणस फोडून खावयास बसले. तोच एका सिद्धपुरुषाने येऊन वाटा मागितला आणि त्यांना अनुग्रह दिला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यानंतर त्यांनी दप्तर बाजूला ठेवले ते कायमचे. एक कोकणच्या सीमेवरचा, एक कर्नाटकच्या. दोघांमध्ये शतकाचे अंतर. परंतु दोघांनीही लेखणी टाकली नाही. फक्त धनी बदलला.

माणिक प्रभू १८४५ च्या सुमारास माणिकनगरला स्थिर झाले. त्यांच्या सकलमत संप्रदायाचे सूत्र असे की, कोणत्याही उपासनेचा विरोध करावयाचा नाही. हे सूत्र त्यांच्या पदांत प्रत्यक्ष दिसते. मराठी, कन्नड, दखनी वळणाची हिंदी, संस्कृत अशा भाषांत त्यांनी रचना केली. ज्या भक्ताची जी बोली, तिच्यात त्याचा देव त्याला परत दिला. पद रागदारीत बांधलेले. छापील पुस्तकांतही पदाच्या डोक्यावर राग आणि ताल दिलेला आढळतो. वारावारांची भजने ठरलेली आणि दत्तजयंतीच्या उत्सवात दरबार भरतो, तेथे गायन-वादनाची सेवा होते. म्हणजे हे पद पोथीत ठेवण्यासाठी केलेलेच नव्हे. ते कोणीतरी गावे म्हणून केलेले आहे. २९ नोव्हेंबर १८६५ रोजी, मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, प्रभूंनी समाधी घेतली. आयुष्य अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे. पुढे गादीवर आलेले पुतणे मनोहर प्रभू अल्पायुषी ठरले. त्यांचे बंधू मार्तंड माणिक प्रभू मात्र १९३६ पर्यंत होते आणि त्यांनी वेदान्तासारखा कठीण विषय पदांतून गाता येईल असा केला. गादीबरोबर पदरचनेचाही वारसा चालावा, असे घराणे विरळा.

आता माझी हकीकत. माणिकनगरला संध्याकाळच्या भजनात एक पद सुरू झाले आणि मी चमकलो. ते पद मला येत होते! लहानपणापासून आपल्या चौकात मी ते ऐकत आलो होतो. चाल थोडी निराळी, तालही किंचित संथ, पण शब्द तेच. दोन कडवी मी त्यांच्याबरोबर म्हटली. नंतर ते थांबले नाहीत. तिसरे कडवे आले, जे मी जन्मात ऐकले नव्हते, आणि त्यात 'माणिक' हे नाव आले. साठ वर्षे ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून गात होतो, त्या पदाला बाप होता.

पदकर्ता आपले नाव शेवटच्या कडव्यात का घालतो, याचा मी पुढे विचार केला. बसवेश्वरांच्या वचनाच्या शेवटी कूडलसंगमदेवाचे नाव येते. पुरंदरदासांच्या अंकितात विठ्ठल असतो. तेथे सही देवाची. आपल्या मराठी संतांनी स्वतःचे नाव घातले. तुकोबांनी घातले, सोहिरोबांनी घातले, माणिक प्रभूंनीही. यात अहंकार शोधू नये. दस्तऐवजाखाली सही नसेल तर त्यातील शब्दाची जबाबदारी कोणावरच राहत नाही, हे कचेरीत बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय पदाचा सारा अर्थ पुष्कळदा त्या शेवटच्या कडव्यातच उलगडतो.

आणि आपण नेमके तेच गाळतो. भजनाच्या स्पर्धेत घंटा वाजते म्हणून गाळतो. आरतीला उशीर होतो म्हणून गाळतो. आता भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रण करतानाही पहिली दोनच कडवी घेतो. मी कोणास दोष देत नाही, कारण पहिला दोषी मीच आहे.

तरुणपणी आपल्या येथील एका वृद्ध भजनीबुवांकडून पदे उतरून घेण्याचे काम मंडळींनी माझ्यावर सोपविले होते. अक्षर वळणदार म्हणून! बुवा पेटी बाजूला सारून सांगत असत आणि मी लिहीत असे. ध्रुपद आणि दोन कडवी झाली की मी 'वगैरे' असे लिहून खाली रेघ मारी. पुढचे सर्वांनाच पाठ आहे, कागद कशाला घालवा, असा माझा हिशेब. बुवांनी एकदा विचारले, "सगळे लिहिलेस ना रे बाबा?" मी "होय" म्हटले. बुवा गेले. त्यांच्याबरोबर ज्यांना पाठ होते, तेही एकेक करून गेले. वही राहिली.

माणिकनगरहून परत आल्यावर मी ती वही काढली. एकंदर चौतीस पदे. त्यांतील एकाच्या 'वगैरे'वर काट मारून तिसरे कडवे लिहिले. सोहिरोबांच्या आणि डोंगरीच्या कृष्णंभट्ट बांदकरांच्या छापील पदांशी ताडून आणखी बारा पुरी केली. दहा मुळातच पूर्ण होती. उरलेल्या अकरा पदांना शेवट नाही, म्हणून कर्ताही नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आजीची, पणजोबांची बाडे असतील. काही मोडीत असतील, काहींना वाळवी लागली असेल. ती फेकू नयेत. मोडी मला वाचता येते. त्या अकरा पदांची ध्रुपदे मी एका कागदावर लिहून आणली आहेत आणि वहीसह देवस्थानच्या कार्यालयात ठेवली आहेत. प्रसाद घेऊन निघताना एकवार नजर टाकावी आणि घरात कोणी वृद्ध बाई असेल तर तिला वाचून दाखवावीत. तिला पुढचे येत असेल, तर ती गाईल तसेच, शेवटपर्यंत, उतरून घ्यावे.