पायाच्या फुगलेल्या शिरा : कोणता इलाज किती चालतो आणि कोणता कामाचा



पिकावरच्या रोगाबद्दल आणि जनावरांच्या दुखण्याबद्दल आपण या कार्यक्रमात नेहमीच ऐकता. आज जरा आपल्या स्वतःच्या पायांकडे पाहू या. बैल लंगडायला लागला तर आपण त्याला त्याच दिवशी जुवाखालून सोडतो. पण आपल्याच पोटरीवर निळ्या शिरा दोरीसारख्या वर आल्या, संध्याकाळी पाय जड झाले, घोट्यावर सूज आली, तर दहा-दहा वर्षं आपण तिकडे पाहत नाही. दुखत नाही ना, मग चालू द्या, असं म्हणतो. या दुखण्याला डॉक्टर लोक ‘व्हेरिकोज व्हेन्स’ म्हणतात. आपण फुगलेल्या शिरा म्हणू या.

हे होतं कसं? विहिरीवर पंप असलेल्यांना ते चटकन समजेल. पंपाच्या नळीच्या तळाशी फुटव्हॉल्व्ह असतो. तो पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. तो गळका झाला की वर चढलेलं पाणी परत विहिरीत उतरतं. आपल्या पायातही असंच आहे. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा ते दाबले जातात आणि पंपासारखे चालतात. चढलेलं रक्त खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजाग बारीक झडपा असतात. कातडीखालच्या शिरांतल्या या झडपा निकामी झाल्या की रक्त उलटं खाली येतं, शिरेत दाब वाढतो, शीर फुगते आणि वेडीवाकडी होते.

झडपा का बिघडतात? आई-वडिलांकडून आलेली ठेवण, वाढतं वय, बाळंतपणं, वाढलेलं वजन, आणि तासन्‌तास एका जागी उभं राहणं. भातलावणीला दिवसभर चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या बाया, भट्टीपुढचा आचारी, दुकानातला काट्यावरचा माणूस, या सगळ्यांचं दुखणं उभं राहिल्यानं वाढतं. चालणाऱ्याचा पंप सुरू असतो, उभ्या राहणाऱ्याचा बंद. हा बायकांचाच आजार आहे, असाही एक समज आहे. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरात 18 ते 64 वयाच्या 1,566 माणसांचे पाय तपासले गेले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत पुरुषांपैकी 40 टक्क्यांना आणि बायकांपैकी 32 टक्क्यांना मोठ्या शिरांचा हा बिघाड आढळला. तेव्हा पुरुष मंडळींनी फार निर्धास्त राहू नये. भगिनींना मात्र वेगळं सांगायचं आहे. लुगड्याखाली झाकलेला पाय डॉक्टरला दाखवायला संकोच वाटतो, आणि म्हणून बाईमाणूस दवाखान्यात येतं ते घोट्याला जखम झाल्यावरच. असं करू नका. गरोदरपणात शिरा फुगतात त्या बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात. तेव्हा त्या काळात शस्त्रक्रियेची घाई नसते, पण दाखवून ठेवायला हरकत नाही.

आता इलाजाकडे येऊ. खेड्यात सर्वांत जास्त चालणारा इलाज म्हणजे तेल लावून मालिश. हलक्या हातानं मालिश केली तर पायाला बरं वाटतं, यात खोटं काही नाही. पण गळका फुटव्हॉल्व्ह नळीला तेल चोळून दुरुस्त होतो का? तीच गोष्ट इथं. आणि एक धोक्याची सूचना लक्षात ठेवा. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, असं झालं तर त्या पायाला अजिबात चोळू नका. आतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर तासाचाही उशीर नको.

काही जण जळवा लावून घेतात. अंगातलं थोडं रक्त जातं, तेवढा वेळ हलकं वाटतं, झडप होती तशीच राहते. गोळ्याही पुष्कळ लिहून दिल्या जातात. यातल्या एका औषधाचं मूळ द्रव्य संत्र्यासारख्या फळांच्या सालीतून काढतात, हे आमच्या नागपूरकडच्या बागायतदारांना ऐकून गंमत वाटेल. अशा गोळ्यांनी जडपणा आणि सूज थोडी कमी होते, पण फुगलेली शीर काही जागेवर येत नाही.

त्यानंतरचा सर्रास इलाज म्हणजे दाबपट्टी आणि दाबाचे मोजे. हा चांगला इलाज आहे, पण आपल्याकडे तो बहुतेक वेळा चुकीचा केला जातो. पोटरीवर शिरा दिसतात म्हणून तेवढ्याच जागी पट्टी करकचून बांधतात. त्यानं खालचं रक्त अडतं आणि पाऊल आणखी सुजतं. पट्टी पावलाच्या बोटांच्या मुळापासून सुरू करावी, टाच झाकून घ्यावी, घोट्यावर सर्वांत घट्ट आणि वर जाताना सैल सैल करत गुडघ्याच्या खाली संपवावी. मोजे असतील तर सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवण्यापूर्वी चढवावेत आणि रात्री निजताना काढावेत. माप सकाळीच द्यावं, संध्याकाळी सुजलेल्या पायाचं नव्हे. मोज्याचा ताण काही महिन्यांत जातो. मग तो नुसता साधा मोजा उरतो, बदलावा लागतो. चिखलात मोजे घालून उतरता येत नाही, हे मलाही कळतं. लावणीचा दिवस असेल तर काम आटोपून पाय धुवा, अर्धा तास पाय छातीच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडा, आणि मग मोजे घाला. तंबाखू-विडीचं जुनं व्यसन किंवा मधुमेह असणाऱ्यांनी मात्र पावलाची नाडी डॉक्टरकडून तपासून घेतल्याशिवाय दाबाची पट्टी बांधू नये. पायाला रक्त नेणारी धमनीच अरुंद झालेली असेल तर या दाबानं पाऊल काळं पडू शकतं.

मोज्यानं दुखणं आटोक्यात राहतं, जात नाही. मोजा काढला की पुन्हा तेच. म्हणून मूळ बिघाडावर इलाज करायचा तर गळकी शीर बंद करावी लागते. आता तुम्ही म्हणाल, शीर बंद केली तर रक्त जाईल कुठून? शेतातली पोटचारी फुटली आणि पाणी भलतीकडे जायला लागलं तर आपण चारीचं तोंड बंद करतो, पाणी मुख्य पाटानं जातं. पायातला मुख्य पाट म्हणजे खोलवरच्या शिरा. बहुतेक रक्त त्यांतूनच वर जातं. तो पाट मोकळा आहे का, आणि गळती नेमकी कुठं आहे, हे आधी डॉप्लर तपासणीत पाहतात. सोनोग्राफीसारखंच यंत्र असतं, सुई नाही, दुखणं नाही. रुग्णाला उभं करून तपासतात. ही तपासणी केल्याशिवाय कोणी शिरेवर इलाज करू म्हणत असेल तर तिथं थांबा.

शीर बंद करण्याचे मुख्य प्रकार तीन. सर्वांत जुना शस्त्रक्रियेचा. जर्मनीतले शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी मांडीतली ही लांब शीर बांधून टाकण्याची रीत 1890 साली मांडली. 1907 साली अमेरिकेतल्या बॅबकॉक यांनी शिरेत तार घालून ती आतून ओढून काढण्याची युक्ती काढली. पुढं जवळजवळ शंभर वर्षं जगभर हाच मुख्य इलाज होता, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत तो अजूनही मोठ्या प्रमाणावर होतो. जांघेत छेद घेतात, भूल बहुधा कमरेतून देतात, एक-दोन दिवस राहावं लागतं, जड कामाला लागायला दोन-तीन आठवडे जातात. ‘जुनी पद्धत’ म्हणून तिला नाक मुरडण्याचं कारण नाही.

दुसरा प्रकार उष्णतेचा, म्हणजे लेसर किंवा रेडिओलहरींचा. गुडघ्याजवळ सुई टोचून शिरेत बारीक तार सरकवतात, शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरतात आणि आतून चटका देऊन शीर मिटवतात. छेद नाही, टाके नाहीत, त्याच दिवशी माणूस चालत घरी जातो. अमेरिकेत रेडिओलहरींच्या साधनाला 1999 साली आणि लेसरला 2002 साली परवानगी मिळाली, म्हणजे हा इलाज तसा नवाच. पण त्यानं जुन्याची जागा फार झपाट्यानं घेतली. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेनं 2013 साली क्रमच लावून दिला : आधी उष्णतेचा इलाज, तो जमत नसेल तर फेसाचं इंजेक्शन, तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया. नुसते मोजे द्यायचे ते या तिन्हींपैकी काहीच करता येत नसेल तेव्हाच. आपल्याकडे पाहा, क्रम अगदी उलटा दिसतो. शहरातल्या खासगी दवाखान्यांत लेसर आता सर्रास होतो, आणि खेड्यातला माणूस मालिश, गोळ्या, मोजे यांतच वर्षं काढतो.

तिसरा प्रकार इंजेक्शनचा. औषधाचा फेस करून शिरेत सोडतात, शिरेच्या भिंती चिकटतात. स्वस्त पडतो, लवकर होतो, लहान शिरांना आणि पुन्हा उठलेल्या शिरांना फार चांगला. मोठ्या शिरेत मात्र ती पुन्हा उघडण्याचा संभव जास्त. ब्रिटनमध्ये 798 रुग्णांवर या तिन्ही इलाजांची तुलना केली गेली. 2019 साली पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष आले, तेव्हा लेसर आणि शस्त्रक्रिया यांचे रुग्ण फेसाच्या रुग्णांपेक्षा अधिक समाधानकारक स्थितीत होते. म्हणून लेसर परवडत नाही एवढ्यासाठी हताश होऊ नका. सरकारी रुग्णालयातली शस्त्रक्रिया नीट झाली तर शेतकऱ्याचं काम होतं. अलीकडे शीर डिंकासारख्या द्रव्यानं चिकटवण्याचाही प्रकार निघाला आहे. तो महाग आहे, त्याच्या मागं लागायची गरज नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. शिरांकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं की घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडते, खाजते, टणक होते. मग एखादा काटा लागतो, वखराचा फण लागतो, आणि तिथं जखम होते ती भरतच नाही. हळद लावा, राख लावा, झाडपाल्याचा लेप द्या, महिनोन्‌महिने पाणी गळत राहतं. घरातला कर्ता माणूस दोन-दोन हंगाम बसून राहतो. लोक म्हणतात वाईट रक्त साचलं. साचलंय खरं, पण ते वाईट नाही, वर चढत नाही म्हणून साचलंय. अशा जखमेवर नुसतं मलम लावून भागत नाही. दाबपट्टी हवी आणि शिरेचा इलाजही हवा. पूर्वी डॉक्टर म्हणत, आधी जखम भरू द्या, मग शिरेचं बघू. ब्रिटनमध्ये 450 रुग्णांवर हे पडताळून पाहिलं. सगळ्यांना दाबपट्टी होतीच. ज्यांच्या शिरेवर दोन आठवड्यांच्या आत इलाज केला त्यांची जखम भरायला मध्यमानानं 56 दिवस लागले. ज्यांचा इलाज पुढं ढकलला त्यांना 82 दिवस. 2018 साली हे प्रसिद्ध झालं. सव्वीस दिवसांचा फरक म्हणजे काय, हे मजुरी मोजणाऱ्याला सांगायला नको.

दुसरं एक संकट म्हणजे फुगलेली शीर फुटणं. घोट्याजवळ कातडी पातळ झालेली असते. नख लागलं, काडी लागली तरी रक्ताची धार उडते. दुखत नाही म्हणून माणूस उभ्यानं किंवा खुर्चीवर बसून ती पाहत राहतो, आणि त्यातच फार रक्त जातं. असं झालं तर ताबडतोब आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडकं घेऊन त्या जागेवरच दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबून धरा. वर मांडीला दोरी आवळू नका. त्यानं रक्त जास्त येतं. थांबल्यावर त्या जागी पट्टी बांधून दवाखाना गाठा.

ज्यांना जखम नाही, नुसत्या शिरा आणि जडपणा आहे, त्यांनी इलाजाची तारीख हंगाम पाहून ठरवावी. रब्बीची मळणी उरकली की उन्हाळ्याच्या आधी बरा काळ असतो. जखम असेल तर हंगामाची वाट पाहू नका. इलाज झाल्यावर त्याच दिवसापासून थोडं थोडं चाला, खाटेवर पडून राहू नका. पोतं उचलणं आणि चिखलात उतरणं डॉक्टर सांगतील तितके दिवस टाळा. खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आधी गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेच्या यादीत बसते का, हे त्याला विचारा. जाताना शिधापत्रिका, आधार कार्ड आणि डॉप्लर तपासणी झाली असेल तर तिचा कागद बरोबर ठेवा.