उभ्या गाडीचं इंजिन गचके का खातं?

आम्ही घाटकोपरच्या बचत गटांचं काम पाहतो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे, इंजिनाचा. गावाकडे आता कितीतरी गटांच्या दारात टेम्पो, ओम्नी नाहीतर इको उभी असते. भाजी, दूध, पापडाची खोकी तिच्यातूनच बाजाराला जातात. ती अडली की माल अडतो आणि हप्ता थकतो. म्हणून पेट्रोल गाडीचं एक नेहमीचं दुखणं समजून घेऊ या.

दुखणं असं. गाडी रस्त्यावर छान पळते. पण सिग्नलला थांबली, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंजिनाचा आवाज चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. कधी गाडी बंदच पडते. उभ्या गाडीचं इंजिन जे हळू फिरतं, त्याला गॅरेजवाले ‘आयडल’ किंवा ‘स्लो’ म्हणतात. लहान पेट्रोल गाड्यांत ते मिनिटाला साधारण 700 ते 900 फेरे असतं.

आमच्या गटातल्या एका ताईंचं आणि त्यांच्या यजमानांचं छोटं गॅरेज आहे. त्यांच्याकडे एक जुनी, परदेशी बनावटीची, दोन सीटांची स्पोर्ट्स कार आली. अशा गाड्या आपल्याकडे मोजक्याच. गोव्यात सॅन मोटर्सने ‘स्टॉर्म’ नावाची दोन सीटांची गाडी बनवली होती, 1149 सीसी इंजिनाची आणि फायबरच्या बॉडीची. तीही आता क्वचितच दिसते. अशा गाडीचा सुटा भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. लांबून मागवायचा, आणि उपयोग झाला नाही तर परत कोण घेणार?

त्या गाडीचे प्लग आणि पेट्रोलचा पंप आधीच दुसरीकडे बदलून झाले होते. फरक शून्य. आता आयडलचा वाल्व आणि एक सेन्सर मागवायचा, म्हणून ताईंनी गटाकडे 18,000 रुपयांचं कर्ज मागितलं. गाडी सुधारली तर मालक बिल देणार, नाही सुधारली तर पैसे ताईंच्या अंगावर. बैठकीत सगळ्यांनी एकच विचारलं, “आत्तापर्यंत काय काय तपासलं? क्रमाने लिहून आणा, मग ठरवू.”

आता हे गचके का बसतात ते पाहू. 1 किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. गाडी पळत असते तेव्हा भरपूर हवा आत जाते. एखाद्या फुटक्या नळीतून थोडी जास्त शिरली तरी कळत नाही. स्लोवर मात्र हवेची वाट जवळजवळ बंद असते. तेव्हा चिमूटभर चोरटी हवासुद्धा हिशेब बिघडवते. आपल्या गॅसचंच बघा ना. मोठ्या आचेला वाऱ्याची झुळूक जाणवत नाही, पण मंद आच फडफडते आणि विझते. तसंच हे. गाडीतला कॉम्प्युटर बिघडलेला हिशेब सावरायला जातो, कधी जास्त सावरतो, कधी कमी. म्हणून आवाज वरखाली होतो.

मग तपासायचं कसं? स्वस्तातून महागाकडे, आणि एका वेळी एकच गोष्ट.

पहिलं, त्रास कधी होतो ते लिहा. इंजिन थंड असताना की तापल्यावर? एसी लावल्यावर की एरवीही?

दुसरं, एअर फिल्टर काढून बघा. धुळीने भरला असेल तर बदला.

तिसरं, इंजिन बंद आणि गार असताना हवेच्या रबरी नळ्या हाताने वाकवून पाहा. जुनं रबर कडक होतं, खालच्या बाजूने तडकतं. वरून दिसत नाही.

चौथं, थ्रॉटल बॉडीत, म्हणजे हवेच्या झडपेपाशी, साचलेली काजळी मेकॅनिककडून साफ करून घ्या. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत स्लोचा जेट साफ करावा लागतो.

पाचवं, प्लग आणि त्यांच्या वायरी.

हे सगळं झाल्यावरच सेन्सर आणि महागाचे भाग.

ताईंच्या यजमानांनी असाच क्रम धरला. तिसऱ्याच पायरीवर इंजिनाच्या मागे एक बारीक नळी खालून तडकलेली सापडली. नवी नळी 200 रुपयांच्या आत आली. सोबत काजळीही साफ केली. काटा एका जागी ठरला. 18,000 रुपये गटातच राहिले, आणि पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या ताईंच्या शिलाई मशीनला गेले.

काही सूचना ध्यानात ठेवा. नुसता स्क्रू फिरवून स्लो वाढवून घेऊ नका. आवाज ठरल्यासारखा वाटतो, पण दोष आतच राहतो आणि पेट्रोल जास्त जळतं. पेट्रोल गाडीची पीयूसी तपासणी स्लोवरही होते, तिथेही अडचण येते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाडीतल्या पेट्रोलच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून त्या वरचेवर पाहा. पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करू नका.

चालू इंजिनाजवळ पदर, ओढणी, वेणी नेऊ नका, पंखा ओढून घेतो. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने जीव जातो.

आणि गाडीची एक वही करा. तारीख, काय त्रास, काय तपासलं, काय बदललं, किती पैसे. बदललेला जुना भाग मागून घ्या. गटाच्या पैशांचा हिशेब आपण पैशापैशाने ठेवतो, तसाच गाडीचाही ठेवू या. पुढच्या बैठकीत दुरुस्तीसाठी कर्जाचा अर्ज आला, तर आधी ही वही मागा.