पृथ्वीची गिरकी आणि माणसाने ठेवलेल्या नोंदी
(हीरक महोत्सवी समारंभातील व्याख्यानाची संहिता)



दिवसाचे तास चोवीस, हे वाक्य प्राथमिक वर्गात पाठ होते आणि पुढे आयुष्यभर त्याची कोणी उलटतपासणी घेत नाही. विज्ञानाने ती घेतली. ताऱ्यांच्या संदर्भाने पाहिले तर पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे आणि सुमारे ४ सेकंदांत पूर्ण होते. सूर्य पुन्हा माध्यान्ही येण्यास सरासरी चोवीस तास लागतात. पण हा काळही दररोज अगदी तेवढाच नसतो. पृथ्वी हे अत्यंत उत्तम, तरीही किंचित चुकणारे घड्याळ आहे आणि त्या चुकण्याची कारणे तिच्या पोटात दडलेली आहेत.

पृथ्वी फिरते हा विचार या भूमीला नवा नाही. इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाने धावत्या नावेचा दृष्टान्त दिला. नाव पुढे जाते तेव्हा तीरावरील स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना भासतात. पुढे १८५१ मध्ये लेऑं फूको याने पॅरिसमधील पँथिऑनच्या घुमटाखाली ६७ मीटर लांबीचा लंबक टांगला. लंबकाच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकताना दिसू लागली आणि पायाखालची जमीन फिरते आहे, हे सामान्य माणसालाही डोळ्यांनी पाहता आले.

फिरणाऱ्या या गोलाच्या आत काय आहे, हे कळण्यास आणखी काळ जावा लागला. बाजारात नारळ घेताना गृहिणी तो कानाशी हलवून आतल्या पाण्याचा अंदाज घेते. पृथ्वीच्या बाबतीत असा धक्का निसर्गच देतो. तो म्हणजे भूकंप. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा बारकाईने अभ्यास केला आणि भूकंपलहरींचे निरनिराळे प्रकार ओळखले. त्याच वाटेने पुढे जात १९०६ मध्ये त्यांनी पृथ्वीला स्वतंत्र गाभा असल्याचा पुरावा मांडला. आडव्या कंपनांच्या लहरी द्रवातून जात नाहीत. त्या गाभ्यातून पार होत नाहीत, यावरून तो द्रवरूप असल्याचे पुढे निश्चित झाले. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी त्या द्रवाच्याही आत एक वेगळा गोल असल्याचे दाखवून दिले. त्यांची सामग्री होती दूरदूरच्या वेधशाळांतील भूकंपनोंदी. संगणक नव्हता. नोंदींची टिपणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर लिहून त्या खोक्यांत लावून ठेवत, असे त्यांच्या आप्तांनी सांगितले आहे. सुमारे १२२० किलोमीटर त्रिज्येचा हा अंतर्गाभा घन आहे; त्याच्याभोवती वितळलेल्या लोखंडाचा सागर घुसळत असतो.

या घुसळणीतूनच पृथ्वीचे चुंबकत्व निर्माण होते आणि येथे महाराष्ट्राचा संबंध येतो. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय मोजणी होत असे. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार, तिच्या प्रवाहाने मोजणी बिघडणार, हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, १९०४ मध्ये, हे काम अलिबागला हलवण्यात आले. इमारतीसाठी चुंबकाला न ओढणारे साहित्य वापरले गेले. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी झाली, म्हणून नोंदींची साखळी तुटली नाही.

अशी साखळी कशी उपयोगी पडते, हे बॅबिलोनच्या उदाहरणावरून समजते. इ. स. पूर्व १३६ मध्ये तेथे खग्रास सूर्यग्रहण दिसले आणि कुणा अज्ञात लेखनिकाने ते मातीच्या फलकावर कोरले. पृथ्वीची गती आजवर एकसारखी राहिली असे धरून गणित केले, तर त्या ग्रहणाची छाया बॅबिलोनपासून हजारो किलोमीटर दूर पडायला हवी होती. म्हणजे तेव्हापासून आजपर्यंत पृथ्वीचे घड्याळ तीन तासांहून अधिक मागे पडले आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने चंद्र पृथ्वीला रोखतो आणि स्वतः वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर सरकतो. सगळे परिणाम जमेस धरता दिवस शतकामागे साधारण पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो.

मात्र हे लांबणे सरळ रेषेत होत नाही. १९७२ पासून अणुघड्याळांत २७ वेळा एकेक सेकंद वाढवावा लागला. शेवटचा २०१६ च्या अखेरीस. त्यानंतर पृथ्वी उलट किंचित वेगाने फिरू लागली. ५ जुलै २०२४ चा दिवस चोवीस तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला. द्रव गाभ्याची गती मंदावली, की त्याच्या वाट्याचा आवेग वरच्या थराला मिळतो, हे यामागचे एक प्रमुख कारण मानले जाते.

‘पृथ्वीचा गाभा उलटा फिरू लागला’ अशा मथळ्यांनी मध्यंतरी अनेक घरांत मुलांनी पालकांना प्रश्न विचारले. वस्तुस्थिती अशी आहे. १९९६ मध्ये शाओडाँग साँग आणि पॉल रिचर्ड्स यांनी अंतर्गाभा वरच्या थरांपेक्षा थोडा पुढे धावतो, असे मांडले. साउथ सँडविच बेटांजवळ तेच भूकंप पुन्हापुन्हा होतात; त्यांच्या लहरी ताडून २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवले, की गेल्या दशकभरात अंतर्गाभा वरच्या थरांच्या तुलनेत मागे पडतो आहे. दोन आगगाड्या एकाच दिशेने धावत असताना एक मंदावली, तर दुसरीतून ती मागे जाताना दिसते; तसेच हे. याने कोणतेही संकट ओढवत नाही. दिवसावर होणारा परिणाम जाणवणार नाही इतका सूक्ष्म असतो.

चिंतेची गोष्ट वेगळी आहे. गिरकी घेणारी मुलगी पसरलेले हात जवळ घेते तेव्हा तिचा वेग वाढतो. हात पसरले की कमी होतो. ध्रुवांवरचा बर्फ वितळून त्याचे पाणी विषुववृत्ताकडे पसरते, तेव्हा पृथ्वीही जणू हात पसरते आणि मंदावते. इ. स. २००० नंतर या एका कारणाने दिवस लांबण्याचा वेग शतकाला सुमारे १.३ मिलिसेकंद एवढा झाल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आहे. माणसाच्या चुली, गाड्या आणि कारखान्यांची खूण आता ग्रहाच्या फिरण्यातही मोजता येते.

हे सारे कळले ते पिढ्यांनी जपलेल्या नोंदींमुळे. फलक कोरणाऱ्या लेखनिकाला पृथ्वीच्या मंदावण्याची कल्पना नव्हती. अलिबागेत दररोज आकडे लिहिणाऱ्यांनाही त्यांतून पुढे काय निघेल, हे ठाऊक नव्हते. त्यांनी दिवसाचे काम त्या दिवशी नीट लिहून ठेवले, एवढेच. साठ वर्षे एक शाळा परप्रांतात मातृभाषेतून चालते, तीही अशाच रोजच्या, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या कामावर. येथील वर्गांत आज बसलेली मुले या शतकाच्या अखेरचे आकडे वाचतील. ते आकडे कसे असावेत, याचा काही भाग आजच्या मोठ्यांच्या हाती आहे.