बालदिनाचं तिकीट

14 नोव्हेंबर 1964. पंडित नेहरूंना जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. त्यांच्याविना आलेल्या या पहिल्या जयंतीला टपाल खात्याने बालदिनाचं 15 पैशांचं तिकीट काढलं. त्यावर नाण्यावर असतो तसा नेहरूंचा चेहरा आणि सोबत गुलाबाचं फूल. मूल एकही नाही! पण ते तिकीट कोणासाठी आहे, हे त्या गुलाबावरून कुणालाही कळावं.

बालदिनाच्या तिकिटांची सुरुवात मात्र 1957 मधली, नेहरू असतानाची. त्या वर्षी तीन तिकिटं निघाली. आठ नव्या पैशांच्या तिकिटावर केळं खाणारं मूल, पंधराच्या तिकिटावर पाटीवर लिहिणारी मुलगी आणि नव्वदच्या तिकिटावर बंगालमधल्या बांकुऱ्याचा मातीचा घोडा. पोषण, शिक्षण आणि खेळ. खेळालाही इतर दोन गरजांच्या बरोबरीने जागा दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. आणि लिहिताना दाखवली ती मुलगी, हेही.



पुढे सत्तरच्या दशकात बालदिनाच्या तिकिटांवर मुलांनी स्वतः काढलेली चित्रं येऊ लागली. 1979 च्या आंतरराष्ट्रीय बालवर्षात 25 पैशांच्या एका तिकिटावर महात्मा गांधी आणि एक लहानगं मूल दिसलं. जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात ही तिकिटं अजूनही सापडतात. पाकीट फाडण्याआधी जरूर पाहा.