मोडीत काढण्यापूर्वी

माजी विद्यार्थीहो आणि पालकहो,

गतवर्षी शाळेतील आठ लॅपटॉप मोडीत काढण्याच्या ठरावावर मी सही करणार होते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला होता. रॅम चार जीबी असूनही, टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था नसल्याने ही यंत्रे विंडोज ११ साठी अपात्र ठरली होती.

आपल्याच एका माजी विद्यार्थिनीने मला थांबवले. तिने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती सुरू करून दाखवली. हार्ड डिस्कला धक्का न लावता ती आधी पारखता येते. इंटरनेटवरील अनेक पाने एकदम उघडली, तर ही यंत्रे आजही अडखळतात. परंतु लेखन, वाचन आणि इनस्क्रिप्ट पद्धतीचे मराठी टंकलेखन त्यांवर सुखाने चालते.

महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी टंकलेखन शाळेखेरीज कोण शिकवणार? लॅपटॉप गेले असते, तर तो तासही बंद पडला असता. यंत्रे निकामी नव्हती. माझी चौकशी अपुरी होती.

आपल्या घरी असा लॅपटॉप पडून असेल, तर त्यातील माहितीची प्रत काढून घ्यावी, मूळ माहिती पुसावी आणि तो शाळेला द्यावा, ही नम्र विनंती.