हिपॅटायटिस सी : गोळ्या किती दिवस?



समजा, उपचार सुरू आहेत आणि रक्तातला हिपॅटायटिस सीचा विषाणू हळूहळू उतरतोय.
मग औषध किती दिवस घ्यायचं?

पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असत.
विषाणू हळू उतरला, तर 48 आठवड्यांचा उपचार 72 आठवड्यांवर नेत.
ताप आणि अंगदुखीनं रुग्ण बेजार होई.

आता सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविरच्या गोळ्या आहेत.
बहुतेकांना 12 आठवडे पुरतात.
यकृताचा सिरॉसिस बळावला असेल, तर डॉक्टर 24 आठवडेही देतात.

मधल्या तपासणीत थोडा विषाणू दिसला, तरी घाबरू नका.
गोळ्या मनानं थांबवू नका.
मनानं वाढवूही नका.

खरा निकाल कळतो, औषध संपल्यावर 12 आठवड्यांनी, रक्ताच्या आरएनए तपासणीत.

सरकारी उपचार केंद्रांवर ही औषधं मोफत मिळतात.

पुन्हा सांगते,
मुदत डॉक्टरच ठरवतील.
तुम्ही एकही गोळी चुकवू नका.